नाट्यगृह परवडत नाही, तर शाळा-गोदाम-वाड्यात प्रयोग करणारा गट टिकतो का? ‘छबिलदास’मध्ये नेमकं काय झालं होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकमधले तुम्ही सात-आठ जण, काही नाटकवाले, काही चित्रकार. नाट्यगृहाचं भाडं झेपत नाही, म्हणून दर वेळी वेगळी जागा घ्यायची, कधी शाळेचा हॉल, कधी बंद गोदाम, कधी एखादा वाडा. ज्याला सांगाल तो ‘छबिलदास’चं, म्हणजे दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये वाढलेल्या प्रायोगिक नाटकाचं नाव घेतो, तर ते उदाहरण तुम्हाला कितपत लागू पडतं?

लागू पडतं, पण ज्या कारणासाठी ते नाव घेतलं जातं त्यासाठी नाही. मी छबिलदासच्या पिढीचा नाही. छोट्या गटांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे नाटकासाठी न बांधलेल्या जागांशी सतत गाठ पडते. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्यातले बरेच जण मात्र त्या हॉलमधून आलेले.

आधी हकिगत. मुंबईत 1960 च्या सुमारास विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू वगैरे मंडळींनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू केली. दहाएक वर्षांनी ती फुटली आणि 1971 मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. नाटकं होती, माणसं होती, जागा नव्हती. त्याआधी ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेने कलावंतांना नाममात्र पैशांत आसरा दिला होता. हुसेन, गायतोंडे या चित्रकारांचे स्टुडिओ तिथे, रविशंकरांचा संगीतवर्ग तिथे आणि नाटकवाल्यांच्या तालमीही तिथेच. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी तर आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर रंगमंच उभा केला होता. म्हणजे ‘नाट्यगृहाबाहेर नाटक’ ही कल्पना आविष्कारची नव्हे, मुंबईत ती मुरलेली होती. 1974 पासून आविष्कारचे प्रयोग दादर पश्चिमेला, स्टेशनाला लागून असलेल्या छबिलदास मुलांच्या शाळेच्या हॉलमध्ये होऊ लागले आणि पुढची दीडेक दशकं होत राहिले.

आता तो हॉल डोळ्यांसमोर आणा. त्याला कोणी ‘अनोखी जागा’ म्हटलं नसतं. शाळेचा हॉल, बस्स. व्यावसायिक नाट्यगृहासारखी सोय नाही, विंगा नावापुरत्या, खाली दादरचा बाजार आणि पलीकडे लोकल. हल्ली जागा निवडताना आधी ‘फोटोत कशी दिसेल’ हे पाहिलं जातं, उखडलेला गिलावा, गंजलेला पत्रा आणि त्यावर एक पिवळा बल्ब. मला यात वाईट काही वाटत नाही, पण अशी जागा एका प्रयोगापुरती कामाची असते. छबिलदासची किमया वेगळ्याच तीन-चार साध्या गोष्टींत होती.

एक म्हणजे दार उघडणारं माणूस आतलं होतं. सुलभाताईंनी त्याच शाळेत शिकवलं होतं, मुलांची नाटकं बसवली होती. संस्थाचालक अनोळखी गटाला हॉल देताना शंभर शंका काढतात. रात्री कोण थांबणार, बाकं कोण लावणार, भिंतीला खिळे ठोकणार का? ज्या बाईंना सगळी शाळा ओळखते त्यांच्या शब्दावर या शंका निम्म्या होतात. तुमच्या आठ जणांत कोणी शिक्षक आहे का? कोणाचे वडील एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर? गोदाम शोधायच्या आधी हे शोधा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: आविष्कारने तो हॉल फक्त स्वतःसाठी ठेवला नाही. तो इतर गटांनाही वापरू दिला. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारखे दिग्दर्शक तिथे नाटकं करत, मराठीबरोबर हिंदी नाटकं होत. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं पहिलं नाटक घेऊन तिथे येत. म्हणून त्याला ‘आविष्कारची चळवळ’ असं नाव न पडता ‘छबिलदास चळवळ’ असं पडलं, एका शाळेच्या नावाने. एकच गट वर्षाला दोन-तीन नाटकं करणार, तेवढ्यावर कुठल्याही जागेला प्रेक्षकांची सवय लागत नाही. चार-पाच गट आलटूनपालटून करू लागले की लोक ‘काय आहे’ हे न विचारता ‘आज काही आहे का’ असं विचारत येतात. प्रायोगिक नाटकाला असा प्रेक्षक लागतो, कारण जाहिरातीवर खर्च करायला तुमच्याकडे पैसेच नसतात.

आणि हे सगळं सांभाळायला कोणीतरी बसलेलं लागतं. तिथे ते अरुण काकडे होते. सगळे त्यांना काकडे काका म्हणत. तारखा, निर्मिती, हिशोब, रुसवेफुगवे, सगळं त्यांच्याकडे. नटांची नावं लोकांना पाठ असतात, पण अशा गटाचं आयुष्य ठरतं ते वही सांभाळणाऱ्या माणसावर. तुमच्या प्रश्नात लेखक, दिग्दर्शक, चित्रकार असे सगळे आहेत, हा माणूस कुठे दिसला नाही.

दर वेळी वेगळी जागा घ्यायची की एकच धरायची, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं: नाटकासाठी एक जागा धरा. मग ती वर्षातून चार महिनेच मिळाली तरी चालेल. फिरतं करायचं असेल तर त्याचं स्वतःचं कारण असावं. बंगाली नाटककार बादल सरकारांना ते होतं. कोलकात्यात त्यांनी पडद्याचा रंगमंच सोडला, प्रेक्षकांच्या मधोमध, नेपथ्याशिवाय, फक्त शरीर आणि आवाज यांच्यावर नाटक उभं केलं, म्हणून ते साध्या खोलीत जाऊ शकत होतं, कर्झन पार्कात जाऊ शकत होतं. आधी नाटक हलकं केलं, मग ते फिरलं. तीन दारांचा दिवाणखाना असलेलं नाटक लिहून ते टेम्पोत घालून वाड्या-वाड्यांत नेणार असाल तर पहिल्या महिन्यातच भांडणं होतील.

जागेने नाटक किती बदलतं याचं दुसरं टोक पाहायचं तर अल्काझींनी दिल्लीत 1963 साली फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत केलेलं ‘अंधायुग’. युद्ध संपल्यावरचं नाटक आणि मागे खरोखरची पडकी भिंत. तिथे जागा म्हणजे नेपथ्यच. पण त्यामागे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं बळ होतं हे विसरू नका.

चित्रकारांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तुमच्या गटात पुढेमागे याच्यावरून खटका उडेल म्हणून आत्ताच सांगतो. प्रदर्शन एकदा लावलं की आठवडाभर उभं राहतं. त्याला रोज नट लागत नाहीत, पण रोज पहारा लागतो. रिकामी इमारत चित्रकारांना जास्त मानवते. 1988 मध्ये लंडनच्या गोदी भागात डेमियन हर्स्टच्या पुढाकाराने गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एका रिकाम्या इमारतीत आपलंआपण प्रदर्शन भरवलं. ते लोकांच्या लक्षात राहिलं ते नुसत्या जागेमुळे नाही, या पोरांनी प्रायोजक मिळवले, व्यवस्थित कॅटलॉग छापला आणि गॅलरीवाल्यांना तिथवर आणलं. त्यांना त्या इमारतीत पुन्हा पुन्हा जायचं नव्हतं, तिथून बाहेर पडायचं होतं. याउलट मुंबईतला ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट घ्या. 2007 साली सुरू झाला, खारजवळच्या चुईम गावात राहिला आणि आपल्या गच्चीवर लोकांना बोलावून चित्रपट दाखवत आला. दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण ते एकाच दिशेने जात नाहीत. तेव्हा तुमच्यातल्या चित्रकारांना विचारा, त्यांना यातलं काय हवंय. नाटकवाल्यांनी धरलेल्या हॉलच्या जिन्यात चार चित्रं टांगून त्यांचं समाधान होणार नाही.

आता माझ्या खात्यातलं थोडं. शाळेच्या हॉलमध्ये वीज हीच पहिली अडचण. 15 अँपिअरच्या एका पॉइंटवर साधारण 3400 वॅट निघतात, म्हणजे हजार वॅटचे तीन पार कॅन (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) लावले की संपलं. तेही वायरिंग नवं असेल तर. जुन्या शाळेत वरचे पंखे आणि तुमचे दिवे बहुधा एकाच लाइनवर असतात. ऐन प्रवेशात फ्यूज उडाला की प्रेक्षक कौतुकाने टाळ्या वाजवतात आणि शिपाईमामा पुढच्या वेळी किल्ली देत नाहीत. म्हणून आता मी एलईडी पार वापरतो, एकेक दीडशे-दोनशे वॅटच्या आत बसतो. उजेड त्याचा थोडा कोरडा वाटतो, चालवून घ्यायचं. खिडक्यांना काळा कपडा तुमचा तुम्ही न्या. संपूर्ण ब्लॅकआउटवर अवलंबून असलेलं दृश्य लिहूच नका, रस्त्यावरचा दिवा कुठून तरी आत येतोच. दिवे भिंतीला नकोत, स्टँडवर लावा. आणि प्रयोग संपल्यावर बाकं पूर्वी होती तशीच लावून द्या. त्यासाठी आल्या-आल्या मोबाइलवर हॉलचा फोटो काढून ठेवत जा.

कागदपत्रांचंही बघावं लागेल. जाहीर प्रयोग असेल, विशेषतः तिकीट लावणार असाल, तर महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. ‘आमचं तर छोटंसं आहे’ म्हणून सुटका होत नाही. स्थानिक पोलिसांचा परवाना आणि जागामालकाचं लेखी पत्रही हवं. गोदामाच्या बाबतीत मी आणखी एक बघतो: बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का. एकच शटर असलेल्या जागेत शंभर माणसं बसवायला मी दिवे लावत नाही, मग जागा कितीही सुंदर असो.

पैशांचं म्हणाल तर तिकिटावर गट चालत नाही. तिकिटातून त्या दिवसाचा टेम्पो, चहा आणि वीजबिल निघालं तरी खूश व्हा. वर्षाची सभासद वर्गणी ठेवलीत तर थोडा आधार मिळतो, कारण ते पैसे आधी येतात आणि ज्याने वर्गणी भरली तो पावसातही येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करूनच उतरा. जागा तुमची नसते. छबिलदाससारखं नाव झालं तरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आविष्कारला तो हॉल सोडावा लागला आणि बिऱ्हाड माहीमच्या महापालिका शाळेत गेलं. तरीही काम थांबलं नाही, कारण वही, माणसं आणि प्रेक्षकांची यादी बरोबर गेली. तुम्हीही पहिल्या प्रयोगापासून दारात एक रजिस्टर ठेवा, नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर दुसऱ्या हॉलपर्यंत चालत येतीलच असं नाही.

सुरुवात शाळेपासून करायची असेल तर उन्हाळ्याची सुट्टी सोयीची. फक्त अर्ज फेब्रुवारीतच द्या. मार्चमध्ये मुख्याध्यापक परीक्षांच्या गडबडीत असतात आणि एप्रिलपर्यंत हॉल लग्नाला किंवा शिबिराला गेलेला असतो. अर्जात ‘प्रायोगिक’ वगैरे शब्द घालू नका. किती माणसं येणार, किती वाजता हॉल रिकामा करून देणार आणि साफसफाई कोण करणार, एवढंच स्पष्ट लिहा. जमलं तर शाळेच्या मुलांसाठी एक फुकट प्रयोगही देऊ करा.