केमो संपून सहा महिने झाले. डॉक्टरांनी आईला हृदयासाठी व्यायाम सांगितलाय, पण घरचे म्हणतात आराम करू दे. काय करावं?

तुमच्या प्रश्नातलं 'घरचे म्हणतात' वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

मला स्तनाचा कॅन्सर होता, डावी बाजू. 2022 ला इथे बडोद्यातच ऑपरेशन, मग ते लाल केमो, मग रेडिएशन, आणि दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब, म्हणजे कॅन्सरवरचं एक इंजेक्शन, ज्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, वर्षभर. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला 22 पायऱ्या आहेत. मी 14व्या पायरीवर थांबायला लागले. भिंतीला हात टेकून उभी राहायचे. चुन्यावर माझ्या पंजाचा काळपट डाग पडलाय, अजून आहे. सगळे म्हणायचे, केमोची कमजोरी. मीही तेच म्हणायचे. मग तीन महिन्यांनी करतात त्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 62 वरून 48 वर आलेला निघाला आणि इंजेक्शन थांबवलं. उपचार घेतले तिथे कोणी एकदाही विचारलं नव्हतं, जिना चढता येतो का? त्यांच्या कागदावर एवढंच, 'जड उचलू नका.'

हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फिजिओकडे पाठवलं. आठवड्यातून 3 दिवस, 12 आठवडे. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये दोन शंकू ठेवून सहा मिनिटं चालवलं. 310 मीटर झाले. रडू आलं. 31 वर्षं शाळेत गणित शिकवताना दिवसभर उभी असायचे हो मी.

फिजिओ गुजराती मुलगी. म्हणाली, "बेन, नाडी मोजायची नाही, गोळीमुळे ती वाढतच नाही. दम किती लागला त्याचा आकडा सांगायचा, 6 ते 20 मध्ये." पट्टी 6 पासून का सुरू होते यावर मी तिच्याशी वाद घातला. तिने सांगितलं, आकड्याला दहाने गुणलं की धडधाकट तरुण माणसाची नाडी साधारण तेवढी येते, म्हणून. मला 11 ते 13 मध्ये ठेवायची. घरी आकड्याऐवजी एकच खूण: बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. मी कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापासून म्युझियमकडे मोठ्याने पाढे म्हणत चालायचे. 29चा पाढा एका ओळीला एक दम पुरला की गती बरोबर. ओळ मध्येच तुटली की हळू. सकाळच्या मंडळींना वाटायचं, केमो डोक्यात गेलंय.

आता वन्संबद्दल. माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांच्या यजमानांचं बायपास झालं तेव्हा रोज पहाटे साडेपाचला त्यांना बागेत पिटाळणाऱ्या त्याच. "डॉक्टरांनी सांगितलंय, चालायलाच हवं!" आणि माझ्या वेळी? 2023 च्या मे महिन्यात मी कैरीच्या लोणच्याची बरणी फळीवरून उतरवत होते, चारेक किलोची, दोन्ही हातांनी. त्यांनी पाहुण्यांसमोर ती माझ्या हातातून ओढून घेतली. "हात सुजेल! तुला कळत नाही का?" तेल सांडलं ते वेगळंच. मी गप्प बसले, त्याचा राग अजून आहे.

वन्सं, तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहिते. 2009 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. स्तनाच्या कॅन्सरनंतर ज्यांचा हात आधीच सुजलेला, अशा 141 बायका, त्यातल्या निम्म्यांना वर्षभर देखरेखीखाली थोडं थोडं वाढवत वजन उचलायला लावलं. सूज वाढली नाही, उलट अचानक उसळण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. बायपासवाल्यांना जसा आखून व्यायाम देतात तसा कॅन्सरवाल्यांनाही द्यावा, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2019 मध्येच मांडलंय. यजमानांचं हृदय ते हृदय आणि माझं काय, पोळीचं पीठ?

तर तुमच्या आईंचं. उशीर झालेला नाही. दिवसातून दोनदा 10 मिनिटं चालण्यापासून सुरू करा, जेवल्या जेवल्या नको. हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत न्या. चालणं वाढलं की सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं रमतगमत. दोन दिवस ताकदीचं: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. आईंना एकटीने करायला लावू नका, तुम्हीही चाला.

माझं 12 आठवड्यांनी 425 मीटर झालं, ईएफ 55, इंजेक्शनं पुन्हा सुरू होऊन पूर्ण झाली. हे व्यायामाने की गोळ्यांनी? गोळ्यांचा वाटा मोठा, असं डॉक्टर म्हणतात. पण 22 पायऱ्या मी चढते, गोळी नाही चढत.

हे आधी लिहायला हवं होतं: आडवं पडल्यावर दम लागत असेल, पावलं सुजत असतील, दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलो वाढलं असेल, छातीत दुखत किंवा चक्कर येत असेल, तर चालणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. रोग हाडांत गेला असेल तर वजनं विचारल्याशिवाय नाहीत. हात जड वाटायला लागला तर दाखवा, दुखणं रेटू नका. आणि ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, असं मला सांगितलं होतं, मी पाळते.

तुम्ही शेवटच्या इकोचा आकडा लिहिला नाहीत. आधी ती फाइल काढा. इको झालाच नसेल तर पहिलं काम तेच, बूट नंतर घ्या.