डबवालीची जीप, पंजाबचे पेपर आणि आपला आरटीओ

प्रश्न : ऑनलाइन एक ओपन जीप बघितलीये, हरियाणातल्या मंडी डबवालीत बनवलेली. जुन्या लष्करी विलिस जीपचा लूक, आत बोलेरोचं डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, जाडजूड टायर. विकणारा म्हणतो पेपर पंजाबचे आहेत, १९९६चं मॉडेल, एनओसी काढून देतो, तुमच्याकडे एमएच नंबर आरामात पडेल. घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाई करू नका. जीप देखणी असणार यात शंकाच नाही, तिथले कारागीर हातानं बॉडी ठोकून अशी काय बनवतात की बघत राहावं. पण तुम्ही जे विकत घेताय ते दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एक नवी जोडलेली जीप आणि एक कुठल्यातरी भंगारात गेलेल्या जुन्या जीपची आरसी, आणि या दोघींची गाठ फक्त एका चेसिस नंबरने बांधलेली असते. ती गाठ खरी आहे का एवढंच बघायचंय.

एनओसी म्हणजे फॉर्म २८, गाडी दुसरीकडे न्यायला मूळ आरटीओने दिलेला ना-हरकत दाखला. त्याचा अर्थ इतकाच की टॅक्स थकलेला नाही, गाडी चोरीची म्हणून नोंद नाही, कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची हरकत नाही. जीप आरसीप्रमाणे आहे असं सर्टिफिकेट ते नाही! लोक इथेच फसतात. नवीन नंबरसाठी फॉर्म २७ आणि नावावर करायला २९-३० भरले की गाडी इथल्या इन्स्पेक्टरसमोर उभी राहते, आणि तो कागद नाही, लोखंड बघतो.

माझ्या मित्राची जीप अशीच ट्रकवर घालून आणलेली, मी सोबत गेलो होतो. इन्स्पेक्टरने रॉकेलच्या फडक्याने चेसिस पुसली, पॉलिश पेपर मारला, वर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले, सगळे जुळले पण. मग त्याने नुसतं नख फिरवलं आणि म्हणाला, हा तुकडा कुठून आणून वेल्डिंग केलाय? नंबराच्या चारी बाजूंनी ग्राइंडर फिरवल्याची बारीक कड लागत होती, आम्हाला इतक्या दिवसांत कधी दिसली नव्हती. पुढे नंबर राहिला बाजूला, मित्र पोलीस स्टेशनच्या चकरा मारत बसला.

समजा चेसिस ओरिजिनल निघाली, तरी इंजिनचं काय? इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्टच सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येणार नाही. आणि २०१९मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक म्हणजे तुम्ही, डबवालीचा मिस्त्री नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांना हात वर करायला कारण आयतं मिळतं ते वेगळंच.

तेव्हा विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो घेऊन समाधान मानू नका, वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. १९९६ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०११ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणी रिन्यू केलीये का? इंजिन नंबर, इंधन, सीट जुळतात का? मग माहितीचा मेकॅनिक घेऊन जा, चेसिस उघड्यावर घासून बघा, आणि एनओसी हातात पडेपर्यंत टोकनच्या वर पैसा देऊ नका. "बारा महिने पंजाबच्या नंबरवरच फिरवा" असंही तो म्हणेल, पण ती सवलत नंबर बदलायची आहे, टॅक्सची नाही, इथला रोड टॅक्स वेगळा भरावाच लागतो.

प्रश्न : मग घरीच पूर्ण नवीन गाडी बनवली तर रजिस्टर होईल का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : जवळपास नाहीच. नवीन गाडीला फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) लागतो, तो कंपनी देते, आणि त्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप, म्हणजे नमुना गाडी, पास करावी लागते. एकाच गाडीसाठी हा खटाटोप परवडत नाही. तुमच्या जिल्ह्यातल्याच देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं उदाहरण आहे की, भंगारातून किकने सुरू होणारी चारचाकी बनवणारे, २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं आणि पुढे त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो दिली. कौतुक करतानाच महिंद्रांनी लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही. बनवायची हौस असेल तर बनवा, मजा आहे त्यात, पण शेतातच फिरवा. बांधावरून डांबरी रस्त्यावर चाक आलं की कलम ३९ लागलं, नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.