वेगवान ईएफव्ही सोडून संथ एसीव्ही घेण्यात अमेरिकेच्या मरीन कोअरचं चुकलं का?

मरीन कोअर म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर चढाई करणारं दल. ईएफव्ही आणि एसीव्ही ही त्याच्या जवानांना जहाजावरून किनाऱ्यावर नेण्यासाठी बनवलेली, पाण्यात आणि जमिनीवर चालणारी चिलखती वाहनं. पाण्यात ताशी सुमारे ४५ किलोमीटरने पळणारी ईएफव्ही रद्द केली आणि जेमतेम ११ च्या वेगाची एसीव्ही घेतली, ही माघारच नाही का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते निर्णय बरोबर होता, फक्त फार उशिरा झाला.

ईएफव्हीचं खरं दुखणं तिचा वेगच होता. ३५ टनांच्या आसपासचं चिलखती वाहन स्पीडबोटीसारखं पाण्यावर उचलून पळवायचं म्हणजे २७०० अश्वशक्ती लागायची. जमिनीवर त्याच इंजिनाचं ८५० वर भागायचं. शिवाय असं उचललं जायला तळ सपाट लागतो. इकडे इराकमध्ये रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांनी शिकवलं होतं की स्फोटाचा जोर बाजूला वळवायचा तर तळ इंग्रजी 'व्ही'सारखा हवा. दोन्ही एकत्र जमणं कठीणच. २००६ च्या चाचण्यांत सरासरी दर साडेचार तासांनी काही ना काही बिघडत होतं. जवळपास ३ अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर जानेवारी २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी प्रकल्प गुंडाळला.

एवढा वेग हवा होता तो जहाजं किनाऱ्यापासून २५ सागरी मैल लांब ठेवता यावीत म्हणून. आता जहाजविरोधी क्षेपणास्त्रंच शेकडो किलोमीटर जातात, तिथे २५ मैलांचा कितीसा आडोसा?

एसीव्हीचं कंत्राट बीएई सिस्टीम्स या कंपनीला मिळायला जून २०१८ उजाडला. तोवर आणि त्यानंतरही जवान १९७२ मध्ये सेवेत आलेल्या एएव्ही या जुन्या वाहनांतूनच समुद्रात उतरत होते. ३० जुलै २०२० ला कॅलिफोर्नियाच्या सॅन क्लेमेंटी बेटाजवळ त्यातली एक बुडाली. ट्रान्समिशन निकामी झालं, पाणी उपसणारे पंप पुरे पडेनात, पाऊण तास पाणी आत चढत राहिलं, आणि अखेर हॅच (वरचं झाकण) उघडलं तेव्हा लाट आत शिरली. ८ मरीन आणि १ नौसैनिक गेले. वाहनाची दुरवस्था आणि बुडत्या वाहनातून बाहेर पडण्याचं अपुरं प्रशिक्षण, दोन्ही चौकशीत समोर आलं. ते तपशील वाचताना मला आजही चीड येते.

एसीव्हीतही अडचणी आहेत. जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टन या मरीन तळाजवळ उंच लाटांत दोन एसीव्ही अडकल्या, एक कलंडली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पट्ट्यांवर चालणारी एएव्ही हाकायची सवय झालेल्या चालकाला ही आठ चाकांची गाडी फुटत्या लाटांत नव्याने शिकावी लागते. वेग कमी आहे याच्यापेक्षा मला त्या प्रशिक्षणाची काळजी जास्त वाटते.