नवा मासा खात नाही

प्रश्न : चार दिवसांपूर्वी एंजल मासा आणला. तो फिल्टरमागे दडून बसतो आणि खाद्याचे दाणे तोंडात घेऊन थुंकतो. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दाणा तोंडात घेतो, म्हणजे त्याला भूक आहे, खाद्याची ओळख पटलेली नाही. निरोगी, वाढ झालेला मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, म्हणून काळजीपोटी जास्त खाद्य टाकू नका, कारण ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि उरलीसुरली भूकही मरते. एंजल मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील संथ, झाडोऱ्याच्या पाण्यातला असल्याने उंच पानांचा आडोसा नसेल तर तो बुजूनच राहतो. दोन दिवस दिवा बंद ठेवा, टाकीजवळची वर्दळ कमी करा आणि संध्याकाळी गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) वितळवून अगदी चिमूटभर द्या. ते रुचले की त्यातच दाणे मिसळत जा.

आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते. पाणी एकदम बदलल्यानेही मासा बुजतो, म्हणून दुकानदार कोणते पाणी वापरतो, हे अवश्य विचारा. हिवाळ्यात परभणीची रात्र फार गार होते, तेव्हा हीटरने पाणी २६ ते २८ अंशांवर राखा. मात्र पोट खपाटीला गेले आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसू लागली, तर आतड्यातील परजीवींची शंका घेऊन जाणकाराला लगेच दाखवा.