स्कूबानंतर खांदा ठणकला तर

प्रश्न : कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला दोन दिवसांत पाच डाइव्ह झाल्या, सर्वांत खोल २२ मीटर. शेवटचीनंतर दोन तासांनी डावा खांदा आतून ठणकू लागला, बोटांना मुंग्या आल्या. डाइव्ह कॉम्प्युटरने एकदाही इशारा दिला नव्हता. सिलिंडर उचलताना लचक भरली असेल, असं समजून गोळी घेतली आणि आरबैल घाटाने कोल्हापूरला निघालो. घाटात दुखणं वाढलं, सकाळी थांबलं. आता काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुखणं थांबलं असलं तरी आजच तपासून घ्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरू नका, विमानातही बसू नका. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर येताना त्याचे बुडबुडे होऊ शकतात; त्यातून होणारा त्रास म्हणजे डिकम्प्रेशन आजार. घाट चढताना हवेचा दाब घटतो आणि शरीरात अडकलेले हे बुडबुडे फुगतात. म्हणूनच ‘घाटात वाढलं’ हे तुमचे शब्द आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कॉम्प्युटर फक्त खोली आणि वेळेवरून हिशेब मांडतो; तुमच्या शरीरात काय चाललंय ते त्याला कळत नाही.

लचकलेला स्नायू दाबल्यावर, हलवल्यावर दुखतो. बुडबुड्यांचं दुखणं बहुधा खोल असतं आणि दाबून फारसा फरक पडत नाही. पण एवढ्यावर निदान करू नका. मुंग्या, चक्कर, पायांत अशक्तपणा, त्वचेवर जाळीदार जांभळट डाग, लघवी अडणं यांतलं काहीही डाइव्हनंतर २४ तासांत दिसलं, तर डिकम्प्रेशन आजार समजूनच चाला. वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत शुद्ध हरपली किंवा एक बाजू लुळी पडली, तर फुप्फुसातून हवा रक्तात शिरल्याची शंका घ्या.

अशा वेळी रुग्णाला सपाट झोपवा, डोकं खाली करू नका. पिशवी असलेल्या मास्कने मिनिटाला १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन सुरू करा. बोटावरच्या ऑक्सिमीटरने ९९ दाखवलं तरी ऑक्सिजन बंद करू नका; इथे तो नायट्रोजन बाहेर काढण्यासाठी द्यायचा असतो. १,५०० लिटरचा सिलिंडर या वेगाने १०० मिनिटांत संपतो, म्हणून बोटीवर किती साठा आहे ते निघण्यापूर्वीच विचारा. रुग्ण शुद्धीत असेल तर पाणी पाजा, दारू नको. पुन्हा पाण्यात उतरवून ‘बरं करणं’ जिवावर बेतू शकतं.

ऑक्सिजनने बरं वाटलं तरी हायपरबॅरिक चेंबर (वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली) टळत नाही. तिथे नेहमीच्या पद्धतीत १८ मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरुवात करून पावणेपाच तास उपचार चालतात. मात्र सगळेच चेंबर डायव्हर घेत नाहीत, आधी फोन करा. प्रत्येक डाइव्ह किती खोल आणि किती वेळ होती ते लिहून डॉक्टरांना द्या. वेदनेसाठी नायट्रस ऑक्साइड असलेला वायू देऊ नये, हेही सांगा. त्याने बुडबुडे मोठे होतात.

लागोपाठ अनेक डाइव्ह केल्यावर विमानप्रवासाआधी किमान १८ तास थांबावं, असा सल्ला असतो. घाटाच्या रस्त्यालाही तोच लावा.