लेन्सपेक्षा आधी कार्ड

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या कामासाठी तिसरी लेन्स कोणती घ्यावी, असं तू विचारलंस. 35 मिमी आणि 85 मिमी, एवढ्यावर माझी बरीच वर्षं निघाली. तिसरीची घाई करू नकोस. त्या पैशात दोन मेमरी कार्डं बसणारा कॅमेरा घे आणि दुसरा कॅमेरा भाड्याने का होईना, पण सोबत ठेव. असं का म्हणते, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. मी ती फार कुणाला सांगितलेली नाही.

डिजिटलवर येऊन मला थोडेच दिवस झाले होते. त्याआधी फिल्मचे रोल असायचे. 35 मिमीच्या रोलवर 36 फोटो, 120 नावाच्या रुंद रोलवर चौकोनी फक्त 12. रोल संपला की क्रमांक घालून तो वेगळ्या खिशात जायचा. ही शिस्त हातात मुरलेली होती, पण कार्ड आलं आणि मी मोजणं सोडून दिलं. एका लग्नात विधी आटोपल्यावर कार्ड बदललं, आणि जेवणाच्या गडबडीत तेच भरलेलं कार्ड रिकामं समजून पुन्हा घातलं, फॉरमॅट केलं. वर त्यावर दीडएकशे फोटो काढले. कळलं ते रात्री घरी आल्यावर.

कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की फोटो बहुतेक वेळा लगेच नाहीसे होत नाहीत. पुसली जाते ती त्यांची यादी. नवे फोटो त्या जागेवर लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच असतात. म्हणून अशी चूक झाली तर पहिलं काम एकच: ते कार्ड ताबडतोब बाहेर काढायचं आणि त्यावर एकही फोटो घ्यायचा नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळाले. जे मिळाले नाहीत, त्यांत नवरीच्या आईने तिला जवळ घेतलं तो फोटो होता. मी कुठे उभी होते, उजेड कोणत्या बाजूने येत होता, सगळं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. असलं फोनवर सांगायचं नसतं. झालं ते सरळ सांगितलं, सगळे पैसे परत केले. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “त्यात मी रडत होते का?” मी म्हटलं, हो, आणि हसतही होतात. त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर जातो. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवते, म्हणजे ते वापरलेलं आहे हे अंधारातही बोटांना कळतं. आणि तीन प्रती झाल्याशिवाय, त्यातली एक दुसऱ्या जागी पोचल्याशिवाय, कुठलंही कार्ड फॉरमॅट होत नाही. कितीही थकवा असला तरी नाही.

उजेडाबद्दल एवढंच सांगते, की हॉलवर पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी दिवे बघ. साधे एलईडी विजेबरोबर लुकलुकतात, 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा, 60 हर्ट्झच्या विजेवर 120 वेळा. डोळ्यांना ते दिसत नाही, पण आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. खटका वाजणाऱ्या मेकॅनिकल शटरवर ये, शटरचा वेग 1/100 किंवा 1/125 सेकंदाच्या आसपास ठेव आणि दोन फोटो काढून मोठे करून पाहा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 3200 वर गेला तर जाऊ दे. दाणे दिसले म्हणून कुणी अल्बम मिटलेला मी पाहिला नाही, पण हललेला चेहरा मात्र काही केल्या दुरुस्त होत नाही.

ग्रुप फोटोला माणसं ओळखणारं घरचं एक माणूस शेजारी उभं कर आणि नावांची यादी आदल्या दिवशीच घे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधी, म्हणजे ती मोकळी होतात. किती फोटो काढायचे, याचा हिशेबही कुणीतरी करून ठेवला आहे! ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांना त्यासाठी 2006 मध्ये गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. माणसं विसापेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तीनने भागायचं, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले, की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळपास खात्री. बारा जणांना चार किंवा सहा. मी वर दोन जास्त काढते.

करार लेखी कर. किती तास, किती फोटो, कधी देणार. ओळखीतलं लग्न असेल तर आधी कर.

आता पाहण्याबद्दल, कारण तू ते विचारलं नाहीस. नवरा-नवरी आत येतात तेव्हा सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळतात. दोन सेकंद तू मागे वळ. त्यांना वाढवणाऱ्या माणसांचे चेहरे तेवढाच वेळ उघडे असतात, मग ती सावरतात. त्यासाठी उभं कुठे राहायचं ते आधी ठरवावं लागतं, ऐनवेळी जागा मिळत नाही. कुणी तोंड फिरवलं तर मात्र कॅमेरा खाली घे. आणि घास तोंडात असलेल्या माणसाचा फोटो काढू नकोस, हे मी हट्टाने सांगते.

रविवारी माझ्याबरोबर ये. येताना दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून आण, नाहीतर रात्री फोटो क्रमाने लावताना निघणं आधी आणि येणं नंतर होतं.

तुझी,
ताई