कोल्हापूरहून लंडन किती लांब आहे, विमानाला किती तास लागतात?

भावा, उजळाईवाडीवरनं (कोल्हापूरचं विमानतळ) थेट लंडन नाही, आधी मुंबई गाठायची. मुंबई ते लंडनचं हिथ्रो विमानतळ सरळ अंतर साधारण 7200 किमी, जाताना साडेनऊ-दहा तास धर, येताना तासभर कमी लागतो कारण वर पश्चिमेकडनं जोराचा वारा असतोय अन् तो विमानाला मागनं ढकलतोय. तिकिटावरच्या टायमिंगला फसू नको, ते त्या त्या गावचं असतंय, म्हणजे उन्हाळ्यात रात्री 2 ला निघून तिथं सकाळी 7 ला उतरलास तर पाच नव्हं, साडेनऊ तास झाले, त्यांचं घड्याळ साडेचार तास मागं (हिवाळ्यात साडेपाच). खरा वैताग मुंबईपर्यंतच्या रोडचा, पावणेचारशे किमीला आठ तास कुठं गेले नाहीत. अन् कांदा-लसूण चटणी चेक-इन बॅगेतच टाक, डबल पिशवीत.